बरा झालेला गाल

सकाळी चूळ भरली आणि पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळलं. पुन्हा भरली, पुन्हा तसंच झालं. गाल बधिर झाला असेल म्हणून चोळला आणि आरशापुढे गेले. उजवीकडचं तोंड माझं होतं. डावीकडचं खाली लोंबत होतं, डोळा मिटत नव्हता, भुवई हलत नव्हती. मी नवऱ्याला हाक मारली. तो आधी हसला, त्याला वाटलं मी वेडावून दाखवतेय. मग त्याचं हसू थांबलं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी शिरूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते आणि नवरा एसटीत कंडक्टर होता. माझं वय सत्तावीस.

"वारं गेलं तोंडावरनं," सासूबाई म्हणाल्या. "आता हात लावू नको. वैद्य बघावा लागंल."

पण नवरा मला आधी सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी मला भुवया उचलायला लावल्या, गाल फुगवायला लावले, शीळ घालायला सांगितली. शीळ काही निघाली नाही. ते म्हणाले, "हा अर्धांगवायू नाही, घाबरू नका. कानामागून चेहऱ्याकडे एक नस जाते, ती सुजलीय. बहुतेकांचं महिन्या-दीड महिन्यात आपोआप सरळ होतं. गोळ्या देतो, त्या घ्या. झोपताना डोळ्यावर पट्टी बांधा. आरशापुढे बसून गाल हलवायचा व्यायाम करा."

सगळं खरं होतं त्यांचं. पण आपोआप सरळ होतं हे ऐकायला सोपं असतं, तीन आठवडे ते तोंड घेऊन पहिलीच्या वर्गापुढे उभं राहणं अवघड. मला प, फ, ब म्हणता येईना. ‘फणस’ म्हणताना ओठाच्या कोपऱ्यातून वारा निघून जायचा. पोरं माझ्यासारखंच फुसकं ‘फ’ म्हणायला लागली आणि मला कळेना, ती चेष्टा करताहेत की शिकताहेत. जेवताना भाताची शितं गालात अडकून राहायची. मी पदर तोंडावर ओढून जेवायला लागले, घरातल्यांसमोरसुद्धा.

चौथ्या आठवड्यात नवऱ्याच्या गाडीत कुणी प्रवासी भेटला आणि त्यानं दौंडजवळच्या धामाचं नाव सांगितलं.

त्या जागेला सगळे नुसतं धाम म्हणत. दौंड स्टेशनपासून काही मैलांवर, भीमेच्या काठी. फाटकावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: आधुनिक निदान, प्राचीन उपचार. एक डॉक्टर आणि एक वैद्य असे दोघं मिळून ते चालवत. मुंबईहून, सोलापूरहून, गुजरातेतून लोक गाडीनं दौंडला उतरत, धामाची जीप नाहीतर टांगा त्यांना घेऊन येई. आठ-पंधरा दिवस राहायचं. सकाळी डॉक्टर पांढरा कोट घालून रक्तदाब बघणार, नळीनं छाती तपासणार; मग वैद्य तेल, लेप, काढा देणार; संध्याकाळी नदीवर होडी; रविवारी सिद्धटेकचं दर्शन. गुडघेदुखी, दमा, मधुमेह, वांझपण, पक्षाघात, सगळ्याला तिथे इलाज होता.

मी आठ दिवस राहिले. पहिल्या दिवशी दौंडच्या फोटोवाल्याला बोलावून माझ्या वाकड्या तोंडाचा फोटो काढला. मग उपचार सुरू झाले. ते तेल कसलं होतं देव जाणे. बोकडाच्या अंगाला येतो तसला वास त्याला होता आणि तो केसांत, ब्लाउजात, उशीत मुरून बसायचा. तिसऱ्या दिवशी वैद्यांनी माझ्या कानाखाली जळवा लावल्या. थंडगार, बुळबुळीत काहीतरी गालावर धरून बसलंय आणि हळूहळू फुगतंय, हे डोळा मिटता येत नसताना सहन करायचं. वैद्य शेजारी पान चघळत होते. जळू रक्त पिऊन टपकन ताटलीत पडली, तेव्हा ते म्हणाले, "बघा, किती खराब रक्त निघालं." मला ओकारी आली. ती मी गिळली, कारण बाजूच्या बाकावर मुंबईच्या दोन बायका बघत होत्या.

पाचव्या दिवशी सकाळी तोंड धुताना साबणाचा फेस डोळ्यात गेला आणि डावी पापणी मिटली. अर्धवट, पण मिटली. मी बादलीपाशी बसून रडले. आठव्या दिवशी ओठाचा कोपरा उचलला जायला लागला. दुसरा फोटो काढला गेला.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "आधी कुठे काही उपचार घेतले होते?"

मी शिरूरच्या गोळ्यांचं सांगितलं. महिन्या-दीड महिन्यात आपोआप सरळ होतं, हे तिकडचे डॉक्टर म्हणाले होते, तेही सांगितलं. तेव्हा पाचवा आठवडा चालू होता.

ते हसले. "ते आता कुणाला सांगायची गरज नाही, बाई. तुम्ही शिकवता ना? चांगलं बोलत असाल. रविवारी नवे लोक येतात. येऊन दोन शब्द बोला. जीप पाठवतो."

मी हो म्हणाले. का म्हणाले, ते नीट सांगायला हवं. चौदा एप्रिलला जयंतीच्या सभेत मी लहानपणापासून बोलत आले होते. भाषण करायची मला हौस होती. आणि महिनाभर पदराआड राहिलेलं माझं तोंड लोकांना दाखवायचं होतं. त्या वेळी मला खरंच वाटत होतं की धामानं मला बरं केलं. पण शिरूरच्या डॉक्टरांचं बोलणं मी विसरले नव्हते. ते आठवत असताना मी ते गाळलं.

मग दर रविवारी जीप यायला लागली. आमच्या वस्तीत जीप येऊन थांबायची, लोक बघायचे. मी इस्त्रीची साडी नेसून पुढे बसायचे. धामाच्या मांडवात पन्नास-साठ माणसं बसलेली असायची. भिंतीवर माझे दोन मोठे फोटो, एक वाकडा, एक सरळ. मी बोलायचे, शेवटी हसून दाखवायचे, गाल फुगवायचे, शीळ घालायचे. टाळ्या पडायच्या. म्हाताऱ्या बायका माझी दृष्ट काढायच्या.

बोलणं झालं की चहा मिळायचा. माझा कप स्वयंपाकघराच्या बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर पालथा ठेवलेला असे, कान तुटलेला पांढरा कप. पाहुण्यांना, डॉक्टरांना, अगदी जीपच्या ड्रायव्हरलासुद्धा आतल्या कपबशा. पहिल्या दोन-तीन वेळा मला वाटलं, कप कमी असतील. मग एकदा पाहिलं, मी पिऊन झाल्यावर बाई लांबून पाणी ओतून तो कप धुतेय. मला सगळं समजलं. माझा गाल सगळ्यांना दाखवायला चालत होता, माझा उष्टा कप चालत नव्हता. आणि समजल्यावरही मी तो चहा प्यायले. पुढच्या रविवारी पुन्हा जाऊन प्यायले. त्या लोकांची मला किळस येते, ती येतेच. पण मांडवातल्या टाळ्यांसाठी तो कप तोंडाला लावणारी ती बाई आठवली की अंगावर जास्त काटा येतो.

असे तीन महिने गेले. मग एका रविवारी एक बाई आल्या, सगळे त्यांना मावशी म्हणत.

त्या भांडगावच्या. पन्नाशी उलटलेल्या, विधवा, हाडापेरानं मजबूत. त्यांचा मुलगा दौंडला रेल्वेच्या लोकोशेडमध्ये खलाशी, म्हणजे इंजिनावरच्या कामाचा मदतनीस होता, त्याच्याच क्वार्टरमध्ये त्या राहत. मिसरी लावायची जुनी सवय. गालाच्या आत एक जखम झाली होती, ती भरत नव्हती आणि आता बाहेरून गाठ दिसायला लागली होती. पुण्याच्या दवाखान्यात सांगितलं होतं, ऑपरेशन करावं लागेल, मुंबईला जा, वेळ घालवू नका. गाल कापणार म्हणून मावशी घाबरल्या होत्या. शेजारच्या कुणीतरी त्यांना माझं भाषण ऐकायला आणलं.

भाषण संपल्यावर त्या माझ्याकडे आल्या आणि न विचारता माझ्या गालावरून बोट फिरवलं. त्यांचं बोट खरखरीत होतं.

"बाई, ह्याच गालावर हुतं का?"

"हो, मावशी. ह्याच."

"माझं बी डाव्याच गालाला हाय. काप न्हाई, कूप न्हाई, नुस्त्या तेलानं झालं?"

मी तेव्हा थांबायला हवं होतं. माझा आजार वेगळा होता, एवढं मला कळत होतं. गाठ आणि नस यातला फरक कळण्याइतकी मी शिकलेली होते. पण मागे डॉक्टर उभे होते, समोर माणसं ऐकत होती. मी म्हणाले, "तुम्हालाही बरं वाटेल, मावशी."

त्या राहिल्या.

पुढच्या रविवारी त्यांच्या गालावर हिरवा लेप होता आणि त्या खुशीत होत्या. "दुखायचं थांबलं बगा," म्हणाल्या. डॉक्टर रोज त्यांना ताकदीचं म्हणून एक इंजेक्शन देत होते. त्यानं दुखणं दबत होतं आणि नाव लेपाचं होत होतं. त्यानंतरच्या रविवारी त्या मांडवात नव्हत्या. मी विचारलं तर कुणी म्हणालं, मागच्या खोलीत हलवलंय, त्यांना शांतता हवी.

मागची खोली गोठ्याला लागून होती. मी दार ढकललं आणि वास आला. तो वास मी लिहू शकत नाही. बोकडासारखं तेल, कुजलेला पाला आणि त्याखाली काहीतरी गोडसर, जे माणसाच्या अंगातून येता कामा नये. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. लेपाचा पोपडा निघाला होता आणि गालाला भोक पडलं होतं. त्या मला बघून पाणी प्यायला उठल्या, तांब्या तोंडाला लावला, आणि पाणी गालातून बाहेर आलं. माश्या उठल्या आणि परत बसल्या.

"वैद्य म्हंत्यात, वाईट हाय त्ये भाईर पडाया लागलंय," त्या म्हणाल्या. त्यांचंही ‘फ’, ‘ब’ फुसकं झालं होतं. "पडू दे सगळं भाईर."

वैद्य लेप लावायला आले. नाकाला उपरणं बांधलं होतं आणि बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून ते लांबूनच लावत होते. मावशी त्यांच्या पाया पडल्या.

मी तशीच डॉक्टरांकडे गेले. ते नळाखाली हात धूत होते. खूप वेळ धूत होते, फेस मनगटाच्या वर गेलेला.

"हा कॅन्सर आहे ना?" मी विचारलं.

"हळू बोला."

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना?"

त्यांनी टॉवेलनं एकेक बोट पुसलं. "बाई, मुंबईला जाऊनही ती मरणारच आहे. इथे निदान आशेवर आहे. आणि तिला इथे आणलं कुणी? तिनं ऐकलं कुणाचं? माझं नाही."

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहून स्मित केलं. गोरा, स्वच्छ, साबणाचा वास येणारा माणूस. मागच्या खोलीपेक्षा मला त्या वासानं जास्त मळमळलं.

जीपची वाट न बघता मी चालत मोठ्या रस्त्याला आले, टांगा मिळाला तो धरून दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये मावशींच्या मुलाला शोधलं. तो शेडमधून नुकताच आला होता, कोपरापर्यंत काळं ग्रीस. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. माझा आजार काय होता, मी कुणाच्या गोळ्या घेतल्या होत्या, त्याच्या आईला काय झालंय.

त्यानं चिंधीनं हाताचं ग्रीस पुसलं. मग म्हणाला, "पर तुमीच सांगितलं हुतं की."

"हो. मी खोटं सांगितलं."

"आन् आता खरं सांगताय, ह्ये कशावरनं?"

मी म्हणाले, "रविवारी मांडवात या. सगळ्यांसमोर सांगते."

रविवारी तो आला, मागे उभा राहिला. मी माझ्या फोटोंच्या खाली उभी राहिले आणि सांगितलं. माझी नस सुजली होती. ती बहुतेकांची आपोआप बरी होते. मी आधी सरकारी दवाखान्याच्या गोळ्या घेत होते. मागच्या खोलीत एक बाई सडत पडली आहे, तिला बघून या, मग काय ते ठरवा.

मला वाटलं, आता काहीतरी होईल. वैद्य सावकाश उठले आणि हात जोडून म्हणाले, "मंडळी, बाईंचं तोंड बरं झालं, पण वायू अजून डोक्यात आहे. आणखी एक फेरी उपचारांची लागणार."

काही जण हसले, प्रेमानंच. मग पुढच्या रांगेतला मुंबईचा एक गृहस्थ म्हणाला, "ते सगळं असू द्या हो. तुमचं तोंड वाकडं होतं ना?"

"होतं."

"आता सरळ आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर!"

आणि टाळ्या पडल्या. इतर रविवारांपेक्षा जोरात पडल्या. मागच्या खोलीकडे एकही माणूस गेला नाही. वास तिकडून येतच होता, तरी कुणी मान वळवली नाही. जेवणाची घंटा झाली आणि सगळे बिनतेलाची भाजी खायला उठले.

गेला तो फक्त मावशींचा मुलगा. त्यानं आईला उचललंच. त्या हात झाडत होत्या, दाराची चौकट धरत होत्या. मला बघितल्यावर त्यांनी चौकट सोडली आणि म्हणाल्या, "तुमचं झालं बरं, आन् माझी येळ आली तवा खोटं बोलता व्हय? माझा बी गाल बरा झाला तर तुमचं पुण्य कमी हुतंय का?" बोलताना भोकातून लाळ गळत होती. आम्ही त्यांना टांग्यात घातलं. टांगेवाल्यानं आधी नकार दिला. मुलानं त्याच्याकडे नुसतं बघितलं, मग टांगेवाल्यानं पुढचा पडदा ओढून घेतला आणि घोडा हाकला.

पुण्याला नेलं. आता कापण्यासारखं काही उरलं नाही, तिथले डॉक्टर म्हणाले. जखम धुवायचं जांभळं औषध दिलं आणि घरी पाठवलं.

मी आरोग्य खात्याच्या वरच्या कार्यालयात तक्रार लिहिली. चार पानं, शुद्धलेखन तपासून. महिन्यानं एक साहेब चौकशीला आले. ते आधी धामात दोन दिवस राहिले. मग शिरूरला माझ्या शाळेत आले तेव्हा त्यांचं डोकं तेलानं चपचपीत होतं आणि पाठ मोकळी झाली म्हणून ते खुशीत होते. त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. तुमचे त्यांच्याशी काही व्यक्तिगत भांडण आहे का? तुमच्या मिस्टरांना हे माहीत आहे का? तुमची जात कोणती? उत्तरं लिहून घेतली, चहा मागवला, प्यायले आणि गेले. पुढे काहीच आलं नाही.

मी दर आठवड्याला दौंडला जात राहिले. मावशींच्या सुनेला एकटीला जखम धुणं जमत नव्हतं. पहिल्या वेळी मी जांभळ्या पाण्यात बोळा बुडवला, गालाजवळ नेला आणि मला उठून बाहेर जावं लागलं. क्वार्टरच्या मागे, रुळांच्या बाजूला मी ओकले. दोन गाड्या गेल्या. तोंड धुऊन परत आत आले. लोक म्हणतात, सेवा करताना किळस जाते. माझी शेवटपर्यंत गेली नाही. मी श्वास धरून करायचे, एवढंच. मावशी डोळे मिटून घ्यायच्या, माझ्याशी बोलायच्या नाहीत. एकदाच, मी बोळा फार घासला तेव्हा म्हणाल्या, "हळू." मी हळू केलं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या गेल्या.

धाम चालूच होतं. माझे फोटो त्यांनी पत्रकात छापले होते. ते काढायला मी दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. नवरा म्हणाला, आता सोड. सासूबाई म्हणाल्या, तुझं तोंड सरळ झालं, त्यांचं वाईट कशाला चिंतायचं. मलाही सोडून द्यावंसं वाटत होतं. पण मावशींच्या मुलानं सोडलं नाही. त्याची सुट्टी असेल त्या दिवशी तो धुतलेला शर्ट घालून दौंड स्टेशनबाहेर टांग्यांच्या अड्ड्यावर उभा राहायचा. मुंबईची गाडी आली की आजारी माणसं बरोबर ओळखायचा आणि सांगायचा, "धामात जाऊ नका. माझी आई तिथं सडली." लोकांना वाटे, हा दुसऱ्या कुठल्या तरी वैद्याचा दलाल. धामाची भाडी तुटतात म्हणून टांगेवाल्यांनी एकदा त्याला मारलं. दुसऱ्या आठवड्यात तो सुजलेल्या ओठानं तिथेच उभा होता.

हे समजल्यावर मी जायला लागले. दोघं उभे राहायचो, तो स्टेशनच्या एका दाराशी, मी दुसऱ्या दाराशी. मला मांडवातल्यासारखं बोलता येईना, नुसतं पुढे होऊन सांगायचे. काही जण अंग चोरून निघून जायचे. एक बाई थुंकली. एक म्हातारं जोडपं मात्र खरंच परत फिरलं, मी त्यांना पूल चढून पलीकडच्या फलाटावर सोडून आले.

असाच एक मनुष्य आठवतो. चाळिशीचा, काखेत कुबडी, एक पाय ओढत चालणारा. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. मध्येच तोडलं नाही, मान डोलावली, मावशींचं ऐकताना चुकचुकला. मला वाटलं, हा एक तरी वाचला. मग त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि अगदी आदरानं विचारलं, "बरं झालं बाई, सांगितलंत ते. मग इकडे जवळपास दुसरं असं कुठलं आहे का?"

मावशींचा मुलगा जवळ आला, त्यानं त्या माणसाच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "चला, पुण्याची गाडी लागलीय. सरकारी दवाखाना स्टेशनपासून जवळच हाय." तो माणूस कुरकुरत, कुबडी टेकत त्याच्यामागे गेला. गाडीत चढला की नाही ते मला माणसांच्या गर्दीत दिसलं नाही.